डर्माच्या पोस्टिंगला जाताय? आधी वर्णन करायला शिका

स्किनचं, म्हणजे त्वचारोग विभागातलं पोस्टिंग म्हणजे आराम असं सीनियर सांगतात, ते मनावर घेऊ नका. त्यातून तुम्हाला शिकवणारा मेंटॉर मिळाला असेल तर एकही ओपीडी बुडवू नका. पेशंटकडे नीट बघायचं कसं हे मी तिथेच शिकले.

आमच्या मॅडमचा नियम होता की डायग्नोसिसचं नाव आधी घ्यायचंच नाही. त्वचेवर जे दिसतंय ते सपाट आहे का उंच, १ सेंमीपेक्षा लहान का मोठं, कडा स्पष्ट आहे का, स्केल (सुटणारे पापुद्रे) आहे का, अंगावर अजून कुठे आहे, हे सगळं बोलून दाखवायचं आणि मगच तुमचं मत. मॅक्युल (लहान सपाट डाग), पॅच (मोठा सपाट डाग), पॅप्युल (लहान उंचवटा), प्लाक (मोठा उंचवटा), व्हेसिकल (पाण्याचा लहान फोड), बुला (मोठा फोड) एवढं तरी जायच्या आधी पाठ पाहिजे. सुरुवातीला हे फार संथ वाटतं कारण आपल्याला 'सोरायसिस' म्हणायची घाई असते, पण वर्णन जमलं की निम्मे पर्याय तिथेच गळतात.

पुस्तकातले बरेच फोटो गोऱ्या त्वचेचे असतात. सावळ्या त्वचेवर तीच लाली जांभळट किंवा तपकिरी दिसते, कधी दिसतच नाही, म्हणून हात लावून बघा, गरम लागतंय का, जाड लागतंय का. काचेची स्लाइड दाबून बघायची सवय लावा. लाली गेली तर रक्त अजून रक्तवाहिन्यांमध्येच आहे, नाही गेली तर पर्प्युराचा, म्हणजे त्वचेत रक्त उतरल्याचा विचार करा. आणि फिकट चट्टा दिसला की तिथली संवेदना तपासायची, कोपरामागची अल्नर नर्व्ह चाचपायची, कारण कुष्ठरोग नजरेतून सुटला तर नर्व्हचं नुकसान भरून येत नाही.

केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून फंगस बघायची तपासणी) स्वतःच्या हाताने करा, प्लीज! नायट्याचं स्क्रेपिंग (खरवडून घेतलेला नमुना) मधून नाही, कडेवरून घ्यायचं, फंगस बाहेरच्या बाजूला पसरत असते आणि मधला भाग बरा होत आलेला असतो. १०% केओएचचा थेंब टाकून केराटिन (त्वचेच्या वरच्या थरातलं प्रथिन) विरघळेपर्यंत थांबायचं, मग मायक्रोस्कोपचा कंडेन्सर खाली घेऊन लाइट कमी करायचा, तेव्हा कुठे त्या फांद्या फुटलेल्या हायफी (फंगसचे धागे) दिसतात. पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मी मॅडमना हाकच मारली होती.

हिस्ट्रीत 'काय लावलं?' एवढं विचारून भागत नाही, ट्यूबच आणायला सांगा. स्टेरॉइड लावलेल्या नायट्याची लाली आणि स्केल कमी होतात, रिंग मोडते आणि ओळखणं अवघड जातं. पेशंटला क्रीम किती लावायची हेही दाखवा, तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी लांब रेघ म्हणजे साधारण ०.५ ग्रॅम, बोटांसकट दोन तळहातांएवढ्या भागाला पुरते. खरूज असेल तर घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी औषध हवं, हे सांगायचं राहिलं की पेशंट परत तीच खाज घेऊन येतो.

एक गोष्ट मात्र थांबून विचार करण्यासारखी नाही. नवीन औषध सुरू झाल्यावर अंगभर पुरळ, त्वचा दुखतेय आणि तोंडात किंवा डोळ्यांत फोड आलेत, असं दिसलं की रांग सोडून लगेच सीनियरना बोलवा.

मेंटॉरला 'शिकवा' म्हणण्यापेक्षा 'मी तपासते, तुम्ही बघा' म्हणा, खूप फरक पडतो. भिंग, टॉर्च आणि छोटी पट्टी खिशात असू द्या, आणि फोटो काढायचा असेल तर आधी पेशंटची परवानगी घ्या.