अंगावरून पांढरं जातंय? तपासणीला येण्याआधी एवढं वाचा

ताई, ‘अंगावरून जातं’ एवढंच सांगून थांबू नका. मी ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. रंग, वास, खाज सगळं मोकळेपणी सांगा, उपचार त्यावरून ठरतो. फाटलेल्या दुधासारखं गुठळ्यांचं पांढरं आणि खूप खाज असेल तर बहुधा बुरशी. साखर वाढलेली असेल तर ती पुन्हा पुन्हा होते. पातळ, राखाडी आणि मासळीचा वास म्हणजे योनीतल्या जंतूंचं संतुलन बिघडलेलं. हिरवट-पिवळं, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास हा संबंधातून पसरणारा जंतू असू शकतो. त्यात नवऱ्यालाही औषध घ्यावंच लागतं. मेडिकलमधून एकच मलम आणून सगळ्यावर लावू नका. आतून साबणाने धुऊही नका.

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी वेगळी. ती काही त्रास नसतानाच करायची. सरकारी कार्यक्रमात वय 30 ते 65, दर 5 वर्षांनी. व्हाया (VIA) या तपासणीत आम्ही गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतो. पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी. डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने याच साध्या पद्धतीने या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटवून दाखवले, आणि तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या! पॅप स्मिअर या दुसऱ्या तपासणीत गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी ब्रशने घेतात. त्यासाठी पाळी संपल्यावर या. आधीचे 2 दिवस संबंध आणि योनीत ठेवायच्या गोळ्या टाळा. रिपोर्टमधल्या ‘इन्फ्लमेशन’ला घाबरू नका, ती बहुतेकदा संसर्गाची सूज असते.

संबंधानंतर किंवा पाळी कायमची थांबल्यावर रक्त दिसलं, तर मात्र शिबिराची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.