केईएममध्ये उपचार घेताना: शिकवणाऱ्या रुग्णालयाची घडण समजून घ्या

परळच्या केईएम रुग्णालयात पहिल्यांदा जाणारा माणूस गर्दीपेक्षाही तेथील पद्धतीने अधिक गोंधळतो. तीच माहिती तीन-चार डॉक्टर पुन्हा पुन्हा का विचारतात, मोठे डॉक्टर हवे तेव्हा का भेटत नाहीत, पुढच्या वेळी ठरावीक वारीच का बोलावतात, असे प्रश्न त्याला पडतात. हे रुग्णालय सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे आणि तेथे उपचार व अध्यापन एकाच खाटेपाशी चालते, हे एकदा लक्षात आले की यातील बहुतेक गोष्टींचा उलगडा होतो आणि रुग्णाला त्या व्यवस्थेचा पुरेपूर लाभही घेता येतो.

या जोडणीमागे एक स्वाभिमानाचा इतिहास आहे. मुंबईत १८४५ पासून ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय होते, परंतु तेथील वरिष्ठ अध्यापकपदे प्रामुख्याने सरकारी वैद्यकीय सेवेतील इंग्रज अधिकाऱ्यांकडे राहत आणि उत्तम शिकलेल्या भारतीय डॉक्टरांना तेथे क्वचितच स्थान मिळे. म्हणून नव्या महाविद्यालयासाठी देणगी देताना, तेथे शिकवणारे सर्व डॉक्टर भारतीयच असावेत, अशी अट घालण्यात आली. मुंबई महानगरपालिकेच्या या संस्थेचे काम १९२६ मध्ये सुरू झाले. पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेले डॉ. जीवराज मेहता हे तिचे पहिले अधिष्ठाता होते आणि त्यांनी दीर्घकाळ ती धुरा वाहिली. गिरणगावातल्या कामगाराला मिळणारा उपचार आणि भारतीय अध्यापकाचा मान हे दोन्ही या संस्थेने एकत्र साधले, याचे मोल मला फार वाटते.

आता प्रत्यक्ष उपचारांकडे वळू. आजार तातडीचा नसेल, तर आधी जवळच्या महापालिका दवाखान्यात किंवा उपनगरी रुग्णालयात दाखवून संदर्भचिठ्ठी घ्यावी. कोणत्या विभागात जायचे हे त्या चिठ्ठीवरून ठरते आणि तपासण्यांची पुनरावृत्तीही टळते. बाह्यरुग्ण विभागाची नोंदणी सकाळी होते. ती वेळ संपण्याच्या बऱ्याच आधी पोहोचावे, ओळखपत्र, जुने अहवाल आणि चालू औषधांची पाकिटे सोबत ठेवावीत व केसपेपर काढावा. तो केसपेपर जपून ठेवावा, कारण पुढच्या प्रत्येक भेटीत डॉक्टर आधी तोच पाहतात. अपघात, छातीत दुखणे, अर्धांगवायूची लक्षणे, विषबाधा अशा प्रसंगी मात्र चिठ्ठी किंवा कागदपत्रांसाठी क्षणभरही न थांबता थेट अपघात विभाग गाठावा.

येथून पुढे युनिटची पद्धत सुरू होते आणि नवख्यांना तीच सर्वांत कमी ठाऊक असते. मेडिसिन, सर्जरी यांसारखे मोठे विभाग अनेक युनिटांत विभागलेले असतात. प्रत्येक युनिटचा एक प्रमुख असतो, त्याच्या हाताखाली इतर अध्यापक, निवासी डॉक्टर (पदव्युत्तर शिक्षण घेत काम करणारे) आणि इंटर्न (पदवीच्या शेवटी प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेणारे) असतात, आणि बाह्यरुग्ण तपासणीचा व तातडीचे रुग्ण दाखल करून घेण्याचा वार युनिटनिहाय ठरलेला असतो. त्यामुळे पहिल्याच भेटीत युनिटचे नाव, प्रमुखांचे नाव आणि वार केसपेपरवर स्पष्ट लिहून घ्यावा. भलत्या वारी गेल्यास आपला आजार नव्या डॉक्टरांना पहिल्यापासून सांगावा लागतो.

रुग्ण दाखल झाल्यावर चोवीस तास हाताशी असतात ते निवासी डॉक्टर, म्हणून छोट्यामोठ्या शंका त्यांनाच विचाराव्यात. शस्त्रक्रियेसारखे महत्त्वाचे निर्णय वरिष्ठांच्या फेरीत होतात. त्या वेळी एकाच जाणत्या नातेवाइकाने खाटेजवळ थांबावे आणि आधी लिहून आणलेले दोन-तीन प्रश्न शांतपणे विचारावेत. वेगवेगळे डॉक्टर तीच माहिती विचारू लागले, तर कंटाळू नये. पहिल्याला सांगायची राहून गेलेली ॲलर्जी किंवा जुने औषध अनेकदा तिसऱ्यापाशी आठवते. विद्यार्थ्यांकडून तपासून घेण्यास संकोच वाटत असेल, तर तसे स्पष्ट सांगावे. त्या नकारामुळे उपचार थांबत नाहीत. संशोधनात सहभागी होण्याविषयी विचारणा झाली, तर माहितीपत्रक मराठीत मागून वाचावे आणि समजल्याशिवाय सही करू नये.

रक्ताच्या बाबतीत या संस्थेचा इतिहास थेट उपयोगी पडतो. १९५२ मध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे ‘बॉम्बे रक्तगट’ शोधला. या गटाच्या व्यक्तीच्या रक्तात एच प्रतिजन (बहुतेकांच्या तांबड्या पेशींवर असणारा एक घटक) नसते, त्यामुळे नेहमीच्या चाचणीत तिचा गट ‘ओ’ असल्याचा भास होतो, परंतु तिला ओ गटाचे रक्त चालत नाही. म्हणून घरात कोणाला हा गट असल्याचे ठाऊक असेल, तर दाखल होतानाच रक्तपेढीला कळवावे, आणि जुळवणी चाचणीला (दात्याचे रक्त रुग्णाला चालेल का, हे पाहणाऱ्या चाचणीला) लागणाऱ्या वेळेबद्दल कर्मचाऱ्यांशी वाद घालू नये. याच केईएममध्ये फेब्रुवारी १९६८ मध्ये, जगातल्या पहिल्या हृदयप्रत्यारोपणानंतर अवघ्या काही आठवड्यांत, डॉ. प्र. कु. सेन यांनी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण वाचला नाही, तरी सार्वजनिक रुग्णालयात असे धाडस झाले, हे मोलाचेच आहे.

खर्चाची चिंता असल्यास दाखल झाल्याच दिवशी वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे. मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य या राज्य शासनाच्या योजनेसाठी शिधापत्रिका आणि आधारपत्र लागते, आणि योजनेच्या कक्षातील आरोग्यमित्र पुढची कार्यवाही समजावतात. शस्त्रक्रिया झाल्यानंतर धावपळ करण्यापेक्षा मंजुरी आधी मिळवणे केव्हाही सोयीचे. बाहेरगावच्या नातेवाइकांनी धर्मशाळेची चौकशीही समाजसेवकांकडेच करावी.

घरी सोडताना मिळालेल्या डिस्चार्ज कार्डावर निदान, केलेली शस्त्रक्रिया, औषधांच्या मात्रा आणि पुढच्या तपासणीचा वार हे चारही तपशील आहेत का, ते वॉर्डमधून बाहेर पडण्यापूर्वी पाहावे. संपूर्ण नोंदी हव्या असतील, तर लेखी अर्ज करावा. वैद्यकीय आचारसंहितेनुसार अर्जानंतर ७२ तासांत त्या देणे अपेक्षित आहे. त्यांच्या दोन छायाप्रती काढून एक प्रत गावाकडच्या डॉक्टरांना द्यावी, म्हणजे दर वेळी परळपर्यंत येण्याची गरज पडणार नाही.