डर्ट बाइकवर हात आणि बोटं दुखतात? या चुका टाळा

खडबडीत वाटेवर तासभर बाइक चालवली की बोटं आखडतात, मनगटात कळ येते, हेल्मेटचा पट्टा सोडवायलाही अंगठ्यात जोर राहत नाही. मग कुणीतरी सांगतं, जाड ग्लोव्ह्ज घे, जेलच्या ग्रिप टाक. पैसे जातात आणि हात दुखायचे थांबत नाहीत. कारण बहुतेक वेळा दुखण्याचं मूळ पायांत असतं. जे काम पायांनी करायचं, ते हातांच्या गळ्यात पडलेलं असतं.

हँडलला लटकणं

एक साधी परीक्षा करून बघा. मित्राला बाइक सरळ धरायला सांगा, फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभे राहा, गुडघ्यांनी टाकी आवळा, गुडघे आणि कंबर थोडी वाकवा आणि दोन्ही हात हँडलवरून उचला. पुढे कोसळायला झालं, तर चालवतानाही तुमचा भार तळहातांवर पडतोय. मागे तोल गेला, तर तुम्ही हँडलला लटकताय. हात उचलूनही शरीर जागच्या जागी राहील, ती तुमची खरी जागा.

ही जागा चालताना सारखी बदलते. चढावर ॲक्सिलरेटर देताना अंग पुढे न्यायचं, उतारावर ब्रेक मारताना कंबर मागे. नवखे लोक नेमकं उलटं करतात. बाइक जोरात पुढे निघते, ते मागे राहतात, आणि सगळं वजन बोटांवर ओढलं जातं. त्यात उजवा हात ॲक्सिलरेटरवर असल्याने तो आणखी पिळला जातो आणि बाइक हातातून सुटते.

पकड घट्ट राहिली की कोपरापासून मनगटापर्यंतचा हात भरून येतो, लाकडासारखा टणक होतो. रायडर याला 'आर्म पंप' म्हणतात. हाताच्या स्नायूंभोवती एक न ताणणारं आवरण असतं. सतत आवळलेल्या स्नायूत रक्त भरतं, तो फुगतो, पण आवरण जागा देत नाही. आतला दाब वाढतो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं ऐकेनाशी होतात. २०२१ मध्ये फ्रेंच रायडर फाबियो क्वार्तारारो स्पेनमधल्या हेरेसच्या मोटोजीपी या बाइक शर्यतीत आघाडीवर असताना याच त्रासामुळे तेराव्या क्रमांकावर घसरला, नंतर त्याच्या हाताची शस्त्रक्रिया झाली. त्या वेगाला, त्या ब्रेकिंगला शरीर पुरं पडत नाही, हे समजू शकतं. रविवारी माळरानावर जाणाऱ्यांनी मात्र आधी गुडघे आवळायला शिकावं. हात भरून यायला लागला की सपाट जागी एकेक हात सैल सोडा, बोटं हलवा, श्वास रोखलाय का ते बघा. बऱ्याच जणांनी तो रोखलेलाच असतो.

लिव्हर शोरूममधून आली तशीच ठेवणं

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित उपाय हाच. आपल्याकडे मातीत जाणाऱ्या बऱ्याच जणांकडे एक्सपल्स किंवा हिमालयनसारखी रस्त्यावरही चालणारी बाइक असते. तिच्या लिव्हर, म्हणजे हँडलवरच्या क्लच-ब्रेकच्या दांड्या, साधारणपणे बसून चालवण्याच्या हिशेबाने लावलेल्या असतात. उभं राहिलं की त्या हाताला वर लागतात. मनगट मागे मोडतं, आणि प्रत्येक दणका त्या मोडलेल्या मनगटातून जातो.

लिव्हरच्या क्लॅम्पचे बोल्ट थोडे सैल करा. उभे राहा, कोपरं बाहेर काढा, बोटं सरळ पुढे करा. कोपर, मनगट आणि बोटं एका रेषेत आली की लिव्हर बोटांखाली यायला हवी. बहुतेकांना ती थोडी खाली फिरवावी लागते. मग ती आडवी सरकवून बघा. एक किंवा दोन बोटं लिव्हरच्या टोकाजवळ पडली की कमी जोर लागतो. बोल्ट आवळताना इतकेच आवळा की चालवताना लिव्हर हलणार नाही, पण पडल्यावर तुटण्याऐवजी फिरेल. ब्रेकची बाजू फिरवताना ऑइलची डबी फार तिरकी होत नाही ना आणि पाइप ताणला जात नाही ना, ते हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून तपासा.

जड क्लच तसाच चालवणं

डाव्या हाताची बोटंच जास्त दुखत असतील, तर आधी केबल बघा. पावसाळ्यात चिखल-पाणी आत जातं, केबल गंजते, आणि बोटं उगाच दुप्पट मेहनत करतात. केबलला तेल सोडा. तरीही खरखर लागली तर सरळ बदला. आणखी एक नेहमीची गोष्ट: हँडल उंच करायला रायझर टाकले जातात, पण केबल जुन्याच वाटेने जाते. ती ताणली जाते किंवा कोपऱ्यात मोडते आणि क्लच जड होतो. उंच माणसाला रायझर खरंच उपयोगी पडतात, वाकावं लागत नाही. पण केबलची वाट त्याच वेळी बदलून घ्या.

चारही बोटांनी क्लच ओढायची सवय सोडा. चार बोटं लिव्हरवर गेली की ग्रिपवर उरतो फक्त अंगठा.

जाड ग्लोव्ह्ज

जाड पॅडिंगने हातातली ग्रिप जाड होते, आणि जाड ग्रिप धरायला जास्त जोर लागतो, विशेषतः हात लहान असतील तर. मोठ्या मापाच्या ग्लोव्ह्जची तळहाताशी घडी पडते आणि तिथेच फोड येतो. मातीसाठी पातळ, अंगासरशी बसणारे ग्लोव्ह्ज चांगले. ग्रिप मऊ घ्या, झिजून गुळगुळीत झाल्या की बदला. टायरमध्ये रस्त्याची हवा ठेवून जांभ्या दगडावर गेलात तरी हात हादरतात. हवा थोडी कमी करा, फार नाही, नाहीतर दगडावर ट्यूब चेपून पंक्चर होईल. परत डांबरावर येताना हवा भरून घ्या.

कुठलं बोट, ते न बघणं

'हात दुखतो' एवढ्यावर काही कळत नाही. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, तर मनगटातून जाणारी नस दाबली जातेय. लिव्हरचा कोन पुन्हा बघा. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील, तर तळहाताच्या करंगळीकडच्या कडेवर भार पडतोय, किंवा कोपरात नस ताणली जातेय. थंडीत बोटांची टोकं पांढरी पडत असतील, तर तो कंपनाचा परिणाम असू शकतो; डॉक्टरांना दाखवा. मुंग्यांनी रात्री झोपमोड होत असेल, किंवा हातातल्या वस्तू निसटत असतील, तर चालवणं थांबवून डॉक्टरांकडे जा. नस जास्त काळ दाबलेली राहिली की अंगठ्याच्या बुडाशी असलेला स्नायू झडायला लागतो.

पडल्यावर 'मुरगळलंय' म्हणून सोडून देणं

पडताना आपण हात पुढे टेकतो, आणि मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडू शकतं. सूज फारशी येत नाही, मूठही मिटते, म्हणून लोक बाम चोळत बसतात. अंगठा ताठ वर केल्यावर त्याच्या बुडाशी जो खळगा दिसतो, तिथे दाबून बघा. दुखलं तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. पहिल्या एक्स-रेमध्ये ही भेग कधी कधी दिसत नाही, म्हणून दुखणं राहिलं तर दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला किंवा एमआरआय करायला सांगतात. या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे उशीर झाला तर ते जुळत नाही. पहिला एक्स-रे साफ आला, तरी डॉक्टरांनी घातलेलं प्लॅस्टर किंवा पट्टा स्वतःहून काढून बाइकवर बसू नका.