बँकेच्या लिलावातलं घर घेताय? आधी जुने फेरफार काढा

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे लिलावातलं घर घ्यायचं तर पॅन, आधार, अनामत रक्कम यांबद्दल सांगत बसत नाही. पोर्टलवर नोंदणी करताना ते आपोआप होतं. ही यादी कागदांची आहे आणि तिच्यात जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं कशी बदलत गेली त्याच्या नोंदी, सगळ्यात वर आहेत. मागच्या खेपेला मी सातबारा पाहिला, बँकेचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या तपासणीचा अहवाल) पाहिला, फेरफार राहिले. म्हणून ते पुन्हा पुन्हा येतील.

सुरुवात जाहीर नोटिशीपासून. ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. विक्री कुठल्या कायद्याखाली आहे ते पाहा. बँक असेल तर बहुधा २००२ चा सरफेसी कायदा, म्हणजे थकलेल्या कर्जापोटी तारण विकायचा कायदा. पतसंस्था असेल तर सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला आणि नियम १०७ खालचा लिलाव. सरफेसी शेतजमिनीला लागू नाही, त्यामुळे घराखालची जागा बिनशेती आहे का, आदेशाची प्रत मिळते का, आदेशातलं क्षेत्र आणि नोटिशीतलं क्षेत्र जुळतं का, हे लगेच तपासा. ताबा ‘प्रतीकात्मक’ (नुसता कागदोपत्री) असेल तर घरात बहुधा अजून कर्जदारच राहतोय. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेने जिल्हाधिकाऱ्यांकडे सरफेसीच्या कलम १४ खाली अर्ज केलाय का, ते तोंडी नाही, लेखी विचारा. आणि ‘जसे आहे जेथे आहे’ हे शब्द सवयीने वाचून पुढे जाऊ नका. कर्जदाराचा जेवढा हक्क होता तेवढाच तुमच्याकडे येतो. त्याच्या मालकीत खोट असेल तर बँकेच्या शिक्क्याने ती भरून निघत नाही.

आता फेरफार. सातबाऱ्यावर आज कोणाचं नाव आहे एवढंच कळतं. ते तिथे कसं आलं, कोणाचं कमी करून आलं, हे फेरफारात असतं. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो. त्यावर खातेदाराच्या नावासमोर फेरफार क्रमांक असतो आणि इतर अधिकारांच्या रकान्याखाली ‘जुने फेरफार क्र.’ अशी ओळ असते. त्या ओळीतला एकेक आकडा वहीत उतरवा आणि प्रत्येकाची नक्कल काढा. काही ऑनलाइन सापडतील, उरलेल्या तहसीलच्या अभिलेख कक्षातून. मोडी असेल तर वाचणारा गाठा. ‘जुनं आहे, काय करायचंय’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

काय शोधायचं? जुन्या सातबाऱ्यावर नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर थांबा. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे ती जमीन त्या एकट्याची नव्हती, मुंबईला गिरणीत गेलेल्या भावांचीही होती. पुढच्या नोंदीत ती तीन अक्षरं गळतात आणि माणूस एकटा मालक दिसू लागतो. मग वारस नोंदी. एका फेरफारात दोन मुलगे, तीन मुली. पुढच्यात मुलींनी तलाठ्यासमोर जबाब दिला की भावांचीच नावं राहू द्यात. त्या जबाबाने हिस्सा सुटत नाही. नोंदणीकृत हक्कसोड पत्र आहे का? नसेल तर त्या बहिणी किंवा त्यांची मुलं आजही दावा लावू शकतात. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, आणि दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. यातलं काहीही आजच्या सातबाऱ्यावर दिसत नाही. फेरफार काढा.

कुळाची जमीन असेल तर कूळ कायद्याच्या कलम ३२ म चं प्रमाणपत्र (कुळाने जमीन विकत घेतल्याचं) आणि कलम ४३ चा शेरा (विक्रीवरच्या बंधनाचा) पाहा. वनसंज्ञा, खाजगी वने, देवस्थान असं काही एखाद्या नोंदीत दिसलं तर अनामत भरण्याआधी वकील.

बँकेचा सर्च रिपोर्ट मागा जरूर, पण तो कर्ज देताना बँकेने स्वतःसाठी करून घेतलेला असतो. तुमचा वकील वेगळा हवा. त्याला निदान तीस वर्षांची सूची क्रमांक दोन (नोंदणी झालेल्या व्यवहारांची सूची) पाहू दे आणि फेरफारांची वही त्याच्या हातात द्या, नाहीतर तोही सातबाऱ्यावरच थांबेल.

जागेवर जा. चिऱ्याचा गडगा (दगडी कुंपण) म्हणजे हद्द नव्हे. भूमी अभिलेखचा नकाशा मागवा, जमलं तर मोजणी. घरापर्यंतची पाणंद कोणाच्या गट नंबरातून जाते आणि विहीर सामाईक आहे का, हे वाडीतल्या जुन्या माणसाला विचारा. हिस्सेदार किती आणि कुठे राहतात, हेही तोच सांगेल. किनाऱ्याजवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे निर्बंध. पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची आहे. घर त्याआधीचं असल्याचा पुरावा ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या जुन्या उताऱ्यात मिळू शकतो.

कर्जदाराच्या नावाने दिवाणी न्यायालयात आणि कर्जवसुली न्यायाधिकरणात काही चालू आहे का, तेही बघा.

पुढचं भरभर सांगतो. सरफेसीत बोली लागली की २५ टक्के त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी, उरलेले विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. मुदत वाढवायची तर लेखी. चुकलात तर भरलेले जातात, त्यामुळे पैशांची सोय आधीच. विक्री प्रमाणपत्रातला गट नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र जुळवून मगच दुय्यम निबंधकाकडे नोंदणी. मूळ कागद यादीवर सही घेऊन ताब्यात. तलाठ्याकडे नोंदीचा अर्ज, पोच घ्या, हरकतीची मुदत जाऊ द्या आणि नवा फेरफार मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावर त्याचीही नक्कल काढून ठेवा. घरपट्टी, वीजमीटर नावावर.