जीन्सची गोधडी शिवताय? या चुका टाळा

व्हिडिओ बघायचा, रविवारी दुपारी कात्री चालवायची आणि सोमवारी संध्याकाळी "काकू, मशीन बिघडलंय हो" म्हणत माझ्या दारात यायचं. ठाण्यात सध्या हे फार चाललंय. मशीन बहुतेक वेळा ठणठणीत असतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ताणणारी आणि न ताणणारी जीन्स एकत्र शिवणं. घोडबंदर रोडच्या एका वहिनींनी मुलाच्या स्किनी जीन्स आणि मिस्टरांच्या जुन्या जाड जीन्स यांचे 6 इंची चौकोन कापून एकाआड एक जोडले. कापले अगदी मापात, पण मशीनखाली स्ट्रेचचं कापड लांबत गेलं आणि ओळींची टोकं जुळेनात. मग त्यांनी ओढून-ताणून जुळवलं. पहिल्या धुण्यात ते कापड मूळ मापावर आलं आणि गोधडीला पापडासारखे फुगे. "वरून कडक इस्त्री मारली की बसेल ना?" नाही बसत! कडक इस्त्रीने आतला इलास्टेन, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा, आणखी खराब होतो. शेवटी दोघींनी मिळून सगळी उसवली. डेनिमवरची बारीक टीप उसवणं काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच विचारा.

म्हणून कापण्याआधी लेबल वाचा. 2 टक्के इलास्टेन दिसलं तरी ती जीन्स बाजूला. लेबल नसेल तर कापड आडवं ओढून बघा, कारण ताण बहुधा आडव्या धाग्यातच असतो. बाजूला काढलेल्यांच्या पिशव्या शिवा. गोधडीतच हव्या असतील तर प्रत्येक तुकड्याला मागून पेस्टिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावा. मला तो खटाटोप आवडत नाही. आणि कापड वाचवायला चौकोन उरेब, म्हणजे तिरके, कापू नका, मग साधं डेनिमसुद्धा ताणतं.

दुसरी चूक जाडीची. जीन्सच्या पायाची दुमडलेली शिवण चार पदरी असते. ती चौकोनात ठेवून त्यावरून नवी टीप मारायला गेलात आणि शेजारच्या चौकोनातही तशीच शिवण असली की सुईखाली आठ पदर येतात, सुई मोडते आणि तुकडा डोळ्याकडे उडतो. जुन्या शिवणी सरळ कापून टाका. रिव्हेटच्या (खिशाच्या कोपऱ्यावरच्या धातूच्या टिकलीच्या) आसपासचं कापडही घेऊ नका. नव्या शिवणीला अर्धा इंच माया सोडा, ती दोन्हीकडे उघडून इस्त्री करा. चार कोपरे मिळतात तिथे मी हातोडीने ठोकते आणि मशीनचं चाक हाताने फिरवते. शेजारचे हसतात, हसू देत. सुई 16 नंबरची, जीन्ससाठीची. टाका 3 मिलिमीटरच्या वर.

आत कापूस किंवा फायबर भरू नका. 12 औंसी (चौरस यार्डाला 12 औंस वजनाचं) डेनिम चौरस मीटरला 400 ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे 60 बाय 84 इंचांची नुसती वरची बाजूच सव्वा किलोच्या पुढे जाते. त्यात भरण घातलं की ती भिजलेली गोधडी पिळायला दोघं लागतात आणि जुलैत बाल्कनीत दिवसेंदिवस वाळत नाही. कुबट वास मग जाता जात नाही. खाली जुनी सुती साडी पुरते.

मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होतो, ही अफवा. जीन्सचा निळा रंग (इंडिगो) धाग्याच्या बाहेरच्या बाजूलाच बसलेला असतो, घासलं की निघणारच. गडद जीन्स कापण्याआधी वेगळ्या धुवा आणि अस्तर पांढरं नको.

हाताने धावदोरा घालायचा हट्टही सोडा. दोन-तीन पदर डेनिम असेल तर अंगुस्तान घालूनही अंगठा सुजतो. वरची बाजू आणि साडी जोडायला मी क्रोशाच्या दोऱ्याने गाठी मारते, कोपऱ्यापासून बोटभर आत, कारण ऐन कोपऱ्यात सुई शिरत नाही. साडी नसेल तर जांभळी नाक्याच्या बाजारातून मांजरपाट (जाडंभरडं सुती कापड) आणा, पण रात्रभर भिजवून, वाळवून मगच लावा. तो आटतो, आणि दुकानदार ते सांगेलच असं नाही.