गाडीचं दार गोठलंय? आधी किटली खाली ठेवा

इथे अमेरिकेत, मिनिआपोलिसमध्ये जानेवारी उजाडला की सकाळी सातला एखादा फोन येतोच. "काका, गाडीचं दार उघडत नाहीये." माझा प्रश्न ठरलेला: "पाणी ओतलं नाहीस ना?"

बहुतेकांनी ओतलेलं असतं. गेल्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या नागपूरच्या पोराने किटलीभर उकळतं पाणी हँडलवर रिकामं केलं. बाहेर उणे 23 सेल्सिअस. दार उघडलं, स्वारी खुशीत ऑफिसला गेली. पाणी मात्र लॉकमध्ये आणि दाराच्या कडेच्या रबराच्या फटीत जाऊन बसलं. संध्याकाळी दार सकाळपेक्षा घट्ट! खाली सांडलेल्याचा गुळगुळीत बर्फ झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर आपटलो मी. काच तडकली नाही, हे त्याचं नशीब.

मुळात निम्म्या वेळा लॉक गोठलेलंच नसतं. रिमोट दाबल्यावर टक् वाजतं पण दार हलत नाही, म्हणजे रबर चिकटलंय. अशा वेळी हँडलशी कुस्ती खेळू नका. थंडीत प्लास्टिक ठिसूळ होतं, हँडल हातात येतं. उलट दार आत दाबा. खांदा लावून, कडेकडेने, सगळं वजन टाकून. बर्फ मोडल्याचा आवाज येतो, मग हलकेच ओढा. आणि हो, बाकीची तीन दारं आधी बघा की!

लॉकच गोठलं असेल तर डी-आयसर, म्हणजे बर्फ वितळवणारं औषध. नसेल तर किल्लीला अल्कोहोलवालं सॅनिटायझर चोपडा, आत घाला, थांबा. थांबणंच जमत नाही लोकांना. किल्ली पिळतात, ती आत तुटते.

लायटरने किल्ली तापवू नका, आत चिप असते. तोंडाने फुंकू नका, वाफेचाही बर्फच होतो.

डी-आयसरची बाटली गाडीत ठेवू नका. हसू नका, मी दोन हिवाळे ठेवली होती. आता कोटाच्या खिशात असते.

दिवाळीचा फराळ संपला की मी रबर पुसून सिलिकॉन स्प्रे मारतो, लॉकमध्ये चिमूटभर ग्राफाइट पावडर. स्वयंपाकाचं तेल लावणारेही आहेत. लावा, आणि उन्हाळ्यात त्यावरची धूळ खरवडत बसा.

बर्फ वितळावा म्हणून इथे रस्त्यावर मीठ टाकतात; गाडीला लागलेलं ते मीठ काढायला गाडी धुतलीत, तर चारही दारं उघडून कडा कोरड्या करा. त्यासाठी माझा जुना पंचा कायम मागच्या सीटवर असतो. तो गाडीत ठेवलेला चालतो.