भिंत पाडण्याआधी टेप लावा

पेठेतल्या जुन्या घरात दोन खोल्यांची एक करायची म्हटलं की मिस्त्री बेधडक सांगतो, "ही काय, साधी पार्टिशनची भिंत!" होकार द्यायच्या आधी एवढं बघा.

१. दारापाशी भिंतीची जाडी मोजा. गिलाव्यासकट ५-५.५ इंच भरली तर बहुधा आडोशाची. १० च्या आसपास किंवा जास्त असेल तर भार घेणारी समजूनच चाला.

२. कडीपाट (लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेलं छत) असेल तर कड्यांची टोकं कोणत्या भिंतीत शिरतात ते पाहा, भार तिच्यावर. कड्या भिंतीला समांतर जात असल्या तरी तुळईचं (कड्यांना पेलणाऱ्या जाड लाकडाचं) टोक तिथे टेकलेलं असू शकतं. फॉल्स सीलिंग असेल तर कोपऱ्यात थोडं उघडाच.

३. वरच्या मजल्यावर त्याच रेषेत भिंत आहे का? (शेजाऱ्यांकडे चहाही होतो.) असेल, तर खालची पातळ भिंतही हलवू नका.

भिंत भार घेणारी निघाली किंवा शंका उरली तर परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि महापालिकेची परवानगी, दोन्ही हवंच. भिंतीच्या जागी भार घ्यायला टाकायचा गर्डर (लोखंडी तुळई) किती मोठा, हे इंजिनिअरच्या आकडेमोडीतून ठरू द्या.

मातीच्या गाऱ्यातल्या भिंतीला ब्रेकर मशीन लावू देऊ नका. शेजारचा भागही सुटतो. टेकू लागल्याशिवाय एक वीटही काढायची नाही.